खंड्यासह राजगडाच्या वाटेवर

गड सर करून आलेल्या माणसाची हकिगत सर्वांना ऐकावीशी वाटते. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या माणसाला कोणी फारसे विचारीत नाही. तथापि आम्ही आज वाचकांपुढे जी हकिगत ठेवीत आहो, ती अशा परतलेल्या माणसाचीच आहे. गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी आम्ही राजगड चढावयास गेलो आणि गडाच्या चोरदरवाजाखाली एका झाडाच्या सावलीत बसून माघारी आलो. त्या दिवशी आमच्यासोबत आमचा कुत्रा होता. जे काही शिकलो ते त्याच्यामुळे शिकलो, आणि त्याची किंमत मात्र त्याने दिली.

प्रथम आमच्या या सोबत्याची ओळख करून देणे अवश्य आहे. त्याचे नाव खंड्या. बेळगावच्या कॅम्पातील आमच्या घरासमोर आठ वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, गटाराच्या कडेला कुडकुडत असलेले एक पिल्लू आमच्या नातवाने उचलून आणले, तोच हा. जातीने अस्सल गावठी. अंगाने तांबूस, कान उभे, शेपटी वर वळलेली. आमच्या घरी कोणत्याही खोलीतून कोणीही त्याच्या नावाने हाक मारावी आणि त्याने हातातले, म्हणजे तोंडातले, सर्व काम टाकून धावत यावे, असा त्याचा स्वभाव. या आज्ञाधारकपणाचे आम्हांस फार कौतुक असे. पुढे जे घडले त्याचे मूळ या कौतुकातच होते.

आमचे धाकटे बंधू पुण्यास असतात. त्यांच्याकडे आठ दिवस राहण्याचा बेत ठरला. घरी खंड्याकडे पाहणारे कोणी नव्हते, म्हणून त्यालाही मोटारीत घेतले. आमचा नातू बारा वर्षांचा. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात त्याने राजगडाचे चित्र पाहिले होते आणि वर्षभर त्याचा एकच धोशा चालला होता. रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून शनिवार मुक्रर केला. खंड्याला बंधूंच्या घरी बांधून ठेवावे असे आमच्या भावजयीचे म्हणणे होते. परंतु नातू हटून बसला. "खंड्या नाही तर मीही नाही, आजोबा," असे तो म्हणाला, आणि आम्ही हसून होकार दिला.

राजगड हा शिवछत्रपतींच्या राज्याचा पहिला मोठा राजधानीचा गड. मुरुंबदेवाच्या डोंगरावर तो उभारला गेला आणि राजधानी रायगडास हलेपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे राज्याचा कारभार येथून चालला. १६५९ साली सईबाईंचे निधन येथेच झाले. १६७० साली राजाराम महाराजांचा जन्मही येथलाच. पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आणि त्यांच्या मधोमध उंच उठलेला बालेकिल्ला, अशी त्याची रचना आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगडाचा समावेश आहे. पुण्याहून नसरापूरमार्गे गुंजवणे गावी गेले की तेथून एक पायवाट चोरदरवाजाने पद्मावती माचीवर चढते. दुसऱ्या अंगाने, पाली गावाकडून, पाली दरवाजाची वाट आहे. ती रुंद असून तिला पायऱ्या आहेत. आम्ही गुंजवण्याची वाट धरली, कारण ती जवळची असे कोणीतरी सांगितले होते.

गुंजवण्यास पहाटे सहाला पोहोचावयाचे असे रात्री ठरले होते. परंतु घरून निघताना चहा झाला, मग पोहे झाले, मग वाटेत नसरापुरास पुन्हा चहा झाला. आणि पायथ्याशी पाय टेकले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. आमचे बंधू, त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी, नातू आणि आम्ही, अशी चार माणसे. पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या होत्या. चौघांना चार, असा हिशेब आमच्या भावजयीने चोख केला होता. त्या हिशेबात खंड्या नव्हता, आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

आरंभीची वाट मोठी सुखाची आहे. भाताची कापणी होऊन गेलेली खाचरे, पुढे करवंदीच्या जाळ्या, विरळ झाडी, आणि समोर गडाचा काळाकभिन्न कडा. खंड्याच्या आनंदास पारावार नव्हता. तो पुढे धावे, वळणावर थांबून आम्ही येतो की नाही हे पाही, पुन्हा मागे येऊन प्रत्येकाच्या पायाला नाक लावी आणि पुन्हा पुढे धावे. आम्ही एक मैल चाललो असू, तर तो तीन मैल चालला असेल. "याचा दम पाहा!" असे बंधू म्हणाले. आम्हांसही ते खरे वाटले.

झाडी संपली आणि डोंगराच्या उघड्या सोंडेवर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गवत वाळून पिवळे पडलेले. वर ऊन, खाली तापलेला कातळ. आता खंड्या पुढे धावेनासा झाला. तो आमच्या मागून, आमच्या सावलीत पाय टाकीत येऊ लागला. आम्ही थांबलो की तो आडवा होई. आम्ही निघालो आणि हाक मारली की उठे. या उठण्याचाच आम्ही चुकीचा अर्थ लावला.

कड्याच्या अलीकडे एका झाडाखाली गावची एक बाई ताकाचे मडके घेऊन बसली होती. आम्ही ताक घेतले. तिने आमच्याकडे पाहिले नाही. ती खंड्याकडे पाहत होती.

"बाबा, त्याला वर नका नेऊ आता," ती म्हणाली. "आमची गावची कुत्री जात्यात वर पोरांच्या संगं, पर ती तांबडं फुटायच्या टायमाला. आता कातळ भाजतोय."

"गावठीच आहे हो मावशी, त्याला काय होतंय!" आमचे बंधू म्हणाले.

"मुकं जनावर. मालकानं हाक दिली की येतंय मागनं. पडंल तवा कळंल तुमास्नी."

आम्ही हसलो, पैसे दिले आणि निघालो. नातवाने "चल, खंड्या!" अशी हाक दिली आणि तो उठला.

चोरदरवाजाखालचा शेवटचा टप्पा खडा आहे. कातळात खोदलेल्या पावट्या आहेत, आधाराला लोखंडी कठडे आहेत. माणसाला हाताचा आधार घेता येतो. चार पायांच्या प्राण्यास तो नाही. खंड्याने पहिल्या दोन पावट्यांवर उडी घेतली. तिसऱ्या पावटीवरून त्याचा पाय घसरला आणि तो खाली येऊन बसला. पुतणीने वाकून त्याचा पंजा हातात घेतला व आम्हांस हाक मारली, "काका, हे पाहा." पंजाखालची मऊ गादी सोलून निघाली होती. मागे वळून पाहिले तर काळ्या दगडावर तांबूस ठिपक्यांची एक रांग दिसत होती. ती किती दुरून आली होती, हे आम्ही शोधले नाही. शोधण्याचे धैर्य झाले नाही. त्याची जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत होती, लाळ दाट झाली होती, आणि डोळे आमच्याकडे असूनही ते आम्हांस पाहत आहेत असे वाटेना.

नातवाने सवयीने पुन्हा हाक मारली. खंड्याने उठण्याचा प्रयत्न केला. त्या क्षणी आम्हांस जे वाटले ते लिहिणे कठीण आहे. हा प्राणी दमला नव्हता असे नाही. तो दमला आहे हे सांगण्याची मुभा आम्ही त्यास दिली नव्हती. आम्ही त्याला दिवसभर हाका मारल्या आणि प्रत्येक हाकेला तो उठला, म्हणून त्याच्यात शक्ती आहे असे आम्ही समजत राहिलो. ती शक्ती नव्हती, निष्ठा होती. आणि निष्ठेचा उपयोग आम्ही चाबकासारखा केला होता.

बंधूंनी त्याला उचलून त्या झाडाखाली आणले. ताकवाल्या बाईने "सांगितलं होतं" असा एक शब्दही काढला नाही. तिने आपल्या कळशीतले पाणी एका पंचावर ओतले आणि तो ओला पंचा त्याच्या पोटाखाली व जांघेत घातला. पुतणीने त्याचे पंजे भिजविले आणि टोपीने वारा घातला. पाणी त्याच्यापुढे थोडे थोडे ठेवले. पाऊण तासाने त्याची धाप उतरली. त्याने मान जमिनीवर टेकली आणि शेपटीचे टोक एकदा हलविले.

आता वर कोणी जावयाचे हा प्रश्न उरला. नातू एका बाजूस तोंड करून बसला होता. वर्षभराचा त्याचा बेत, आणि गड डोक्यावर हाताच्या अंतरावर. त्यात खंड्याला आणण्याचा हट्ट त्याचाच. आम्ही त्याला जवळ घेऊन म्हणालो, "बाळ, चूक तुझी एकट्याची नाही. मोठी माणसे आम्ही होतो. तू काकाआजोबांबरोबर वर जाऊन ये. खंड्याजवळ मी बसतो." तो म्हणाला, "आजोबा, मग तुम्ही गड पाहणार कधी?" आम्ही म्हणालो, "साडेतीनशे वर्षे तो तेथे उभा आहे. आमच्यासाठी आणखी एक वर्ष थांबेल."

तिघे वर गेले. आम्ही, ती बाई आणि खंड्या असे सावलीत बसलो. अशा वेळी मनात नाना विचार येतात. आम्हांस तोबिताच्या ग्रंथाची आठवण झाली. तरुण तोबिया वडिलांचे पैसे आणावयास मेदिया देशाच्या लांबच्या प्रवासास निघतो. वेषांतर केलेला देवदूत राफाएल त्याचा वाटाड्या असतो. आणि त्यांच्यामागून घरचा कुत्राही निघतो. त्या कुत्र्याचा उल्लेख जाताना एकदा आणि परतताना एकदा, एवढाच येतो. तो कोणास वाचवीत नाही, कोणावर भुंकत नाही, त्याला नावही नाही. तो सोबत गेला आणि सोबत परत आला, इतकेच शास्त्रकर्त्याने नोंदविले आहे. पूर्वी ही ओळ आम्हांस निरर्थक वाटे. त्या दुपारी मात्र तिच्यातील दुसरा अर्धा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटला: तो परत आला. ज्यांच्यामागून तो निघाला, त्यांनी त्याला वाटेत गमावले नाही.

डोंगर आणि कुत्रा म्हटले की आपल्यासमोर येते ते आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील धर्मशाळेचे चित्र. सुमारे २,४७० मीटर उंचीवरील ही धर्मशाळा अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी स्थापिली. पोप अकरावे पायस हे स्वतः तरुणपणी नामांकित गिर्यारोहक होते. त्यांनी १९२३ साली या संतास गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. तेथील बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीस माणसांचे प्राण वाचविले असे सांगतात. एकेचाळिसाव्या माणसाने लांडगा समजून त्याला ठार केले, ही कथा मात्र खरी नाही. म्हातारपणी त्याला बर्न शहरी नेऊन सांभाळण्यात आले आणि १८१४ साली तो वार्धक्याने मेला. म्हणजे ज्याने माणसांना सांभाळले, त्यालाही माणसांनी अखेर सांभाळले. कथेचा हा शेवट त्या खोट्या शेवटापेक्षा अधिक चांगला असूनही तो कोणी सांगत नाही.

आणखी एक कुत्री आठवली. तिचे नाव चिंगेल. स्विस वाटाड्या क्रिस्तियान आल्मर याने १८६८ साली ती कूलिज नावाच्या तरुण अमेरिकन गिर्यारोहकास दिली. तिने त्याच्याबरोबर आल्प्समधील कितीतरी शिखरे चढली आणि १८७५ साली ती ४,८०० मीटरांहून उंच असलेल्या माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचली. परंतु बर्फ व खडक यांनी तिचे पंजे फाटत आणि रक्त येई. तिच्यासाठी चामड्याचे बूट शिवून पाहिले, पण ते तिला रुचले नाहीत. एवढी कसलेली कुत्री, आणि तिचेही दुखणे पंजाचेच! मग आमच्या अंगणात वाढलेल्या खंड्याची काय कथा?

तीन वाजता मंडळी उतरून आली. नातवाने पद्मावतीचे तळे पाहिले, देऊळ पाहिले, बालेकिल्ला खालूनच पाहिला. पण वर्णन करण्यास तो थांबला नाही. "कसा आहे?" हाच त्याचा पहिला प्रश्न होता. ऊन कलेपर्यंत आणखी तासभर थांबून आम्ही उतरावयास निघालो. खंड्याला चालवावयाचे नाही हे ठरलेलेच होते. पण अठरा किलोंचे ओझे घेऊन सोंड उतरणे आमच्या वयास झेपणारे नव्हते, आणि बंधूंचे गुडघे दुखत होते. तेवढ्यात त्या बाईचा मुलगा मडकी नेण्यासाठी वर आला. विशीतला, सडपातळ. त्याने काही विचारले नाही. खंड्याचे पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दोन दुसऱ्या हातात धरून त्याने त्याला आपल्या मानेवर आडवे घेतले आणि तो झपझप उतरू लागला. आमच्या आजीच्या खोलीत मेंढपाळाचे जे चित्र लहानपणापासून पाहत आलो, ते आमच्यापुढे चालत होते. फरक इतकाच की या मेंढपाळाच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती आणि खांद्यावरचे कोकरू त्याचा कान चाटीत होते.

पायथ्याशी आम्ही त्याला पैसे देऊ लागलो. त्याने ते घेतले नाहीत. "आईला ताकाचं दिलंय की तुम्ही," तो म्हणाला. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, "पुढच्या टायमाला पहाटं या. नायतर पालीच्या वाटंनं या. तिकडं पायऱ्या हायत."

रविवारी मिस्सेनंतर खंड्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी जे सांगितले ते घरी कुत्रे पाळणाऱ्या वाचकांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे देतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकून जिभेवाटेच तो अंगातील बहुतेक उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की जिवास धोका असतो. दाट लाळ, रुंद झालेली गडद जीभ, झोकांड्या, वांती ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी त्याला तत्काळ सावलीत आणावे, पोट, जांघ व पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा, पाणी थोडे थोडे पाजावे आणि वैद्याकडे न्यावे. दगड किती तापला आहे हे पाहावयाचे तर हाताची मागची बाजू त्यावर पाच-सात सेकंद टेकवावी. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. चालताना दर अर्ध्या तासाने पंजे उलटून पाहावेत. गावातून जाताना गुरे व गावची कुत्री असतात, म्हणून गळ्यात पट्टा व हातात दोरी असावी. सह्याद्रीच्या रानात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य होय. तेव्हा संधिप्रकाशात कुत्र्याला मोकळे सोडू नये. आणि रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलेली असावी, हे तर घरी असतानाही अवश्यच आहे.

पंजे बरे व्हावयास बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत आमच्या घरी एक नियम आपोआप पडला. खंड्या झोपला असता त्याला कोणी उगाच हाक मारीत नसे. हाक मारली तर तो उठेल, हे सर्वांस ठाऊक होते. म्हणूनच कोणी मारीत नसे.

वाचकहो, घरात हाकेला उठणारी माणसेही असतात. कधी ती आई असते, कधी थोरली बहीण, कधी कमी पगाराचा जुना नोकर. "त्यांना काय होतंय" असे आपण म्हणतो, कारण ती कधी नाही म्हणत नाहीत. यापेक्षा अधिक आम्ही येथे लिहीत नाही. ज्याच्या त्याच्या घरी दगडावरचे ठिपके ज्याचे त्याने पाहावेत.

राजगड पाहावयाचा अजून राहिला आहे. डिसेंबरात, पहाटे, पालीच्या वाटेने जाण्याचा विचार आहे. तोपर्यंत सराव म्हणून गेल्या महिन्यात एका सकाळी बेळगावनजीकच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन आलो. पहाटे पाचला निघालो आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतलो. पुतणी व बंधू त्यासाठी मुद्दाम आले होते. पिशवी भरण्याचे काम नातवाने आपल्याकडे घेतले होते. आम्ही सहज पिशवी उघडून पाहिली. माणसे चार होती. आत बाटल्या पाच होत्या, आणि पाचवीच्या गळ्यात सुतळीने एक लहानशी वाटी बांधलेली होती.